अडीच पानं

"सही इथं करा मावशी," भीमराजनं पेन पुढं केलं.

भिकाबाईनं पेन घेतलं नाही. तिनं डाव्या हाताचा अंगठा पुढं धरला.

"शाई आणा की सर. अंगठा हाय माझा."

वाचनालयाच्या लांब टेबलाभोवती वीसेक माणसं दाटीनं उभी होती. आखाडा बाळापूरच्या बाजारातली पतसंस्था आठ महिन्यांपूर्वी बंद पडली होती. संचालक गाव सोडून गेले होते, आणि आता सरकारनं नेमलेल्या साहेबांनी ठेवीदारांकडून अर्ज मागवले होते. ज्यांना अर्ज भरायला जमत नव्हतं, त्यांच्यासाठी ग्रंथपाल भीमराजनं तीन दिवस सकाळपासून वाचनालय उघडं ठेवलं होतं. भिकाबाईच्या अर्जावर त्यानंच आकडा लिहिला होता. सहा लाख.

पेन त्याच्या हातात तसंच राहिलं. "मावशी, तुमी तं माझ्याकडून पुस्तक नेलं व्हतं. पैसे कुठं ठेवावे, त्याचं. महिनाभर व्हतं तुमच्याकडं."

"व्हय, नेलं व्हतं," भिकाबाई म्हणाली.

मागच्या माणसानं घाई केली. तिनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, अर्जावर उठवला, पदराला पुसला आणि ती गर्दीतून वाट काढत बाहेर पडली.

त्या दिवशी भीमराजनं उरलेले अर्ज कसे भरले, ते त्याचं त्यालाच ठाऊक. दोघांच्या नावात चुका झाल्या, पुन्हा लिहून द्यावं लागलं.

वीस वर्षं तो इथं ग्रंथपाल होता. पगार यायचा तो अनुदान आलं की, म्हणजे वर्षातून दोनदा. घर बायकोच्या शिलाई मशीनवर चालायचं. स्वतः त्यानं आयुष्यात एकही शेअर कधी घेतला नव्हता. पण अर्थशास्त्राच्या कपाटातलं एकूण एक पुस्तक त्यानं वाचलं होतं. बँक, विमा, महागाई, म्युच्युअल फंड, सगळं. एका दिवाळीत त्यानं आपल्या वळणदार अक्षरात 'पैशांविषयी वाचावीत अशी बारा पुस्तकं' अशी यादी लिहून दारावर चिकटवली. कोणतं पुस्तक कुणासाठी, हे प्रत्येकाखाली एका ओळीत लिहिलं. एका वर्तमानपत्रानं जिल्ह्याच्या पानावर ती यादी त्याच्या फोटोसकट छापली. तेव्हापासून परीक्षांची तयारी करणारी पोरं यायला लागली, निवृत्तीला टेकलेले मास्तर यायला लागले. किराणावाले ओमप्रकाशशेठसुद्धा एकदा येऊन गेले. कुणी काही विचारलं की भीमराज मागं वळून न बघता, नुसता हात मागं घालून नेमकं पुस्तक काढून द्यायचा. बघणाऱ्याला जादू वाटायची. त्याचं त्यालाही बरं वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी, दोन वर्षांपूर्वी, भिकाबाई आली होती. चपला बाहेर काढून दारातच उभी राहिली. तिचा नवरा जळबा शाळेत शिपाई होता, नोकरीत असतानाच वारला. ती त्याच शाळेत खिचडी शिजवायची.

"सर, ह्याइचे पैसे आले. लोकं लय सांगून राहिले, इथं ठेव, तिथं ठेव. तुमाला त्याच्यातलं समजतं म्हणतेत."

खुर्ची ओढून द्यायला हवी होती. 'बसा मावशी, कोण काय सांगतंय?' एवढं विचारायला हवं होतं. पण वाचनकक्ष पोरांनी भरलेला होता, आणि ती सगळी मान वर करून बघत होती.

"माणसाचं ऐकू नका मावशी," भीमराज म्हणाला होता. "पुस्तकाचं ऐका."

वाक्य छान जमलं होतं. एका पोरानं ते वहीत टिपूनही घेतलं. भीमराजनं यादीतलं चौथं, लाल पुठ्ठ्याचं बारीक पुस्तक काढलं, एका प्रकरणाशी चिठ्ठी घातली आणि म्हणाला, "हे एवढं वाचा, मंग ठरवा." तिनं दोन्ही हातांनी पुस्तक घेऊन कपाळाला लावलं. नोंदवहीतला सहीचा रकाना त्यानं घाईत रिकामाच सोडला.

महिन्यानं ते परत आलं, प्लास्टिकच्या पिशवीत, कोपरासुद्धा न दुमडता.

"समजलं का?"

"चांगलं हाय पुस्तक," ती म्हणाली होती.

पुढं कितीतरी दिवस भीमराज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आपल्या गावात खिचडी शिजवणारी बाई गुंतवणुकीचं पुस्तक वाचते.

रविवारी सकाळी तो ते लाल पुस्तक घेऊन तिच्या घरी गेला. भिकाबाई उंबऱ्याजवळ बसून भाकरी फडक्यात बांधत होती. शाळेला सुट्टी असली की ती पिकअप गाडीनं हळद काढायला जायची.

"या सर. बसा."

तो ओट्यावर बसला. पुस्तक त्यानं मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "काहून सांगितलं न्हाई मावशी, वाचता येत न्हाई म्हणून?"

"तुमी इचारलं कुठं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. भाकरीची गाठ मारून तिनं फडकं बाजूला ठेवलं.

"समदी पोरं बसली व्हती तिथं. त्यातली निम्मी माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली. त्याइच्यासमोर कसं म्हणू? आन खरं सांगू का, तुमी हातात पुस्तक देलं तं बरं वाटलं. आजवर कुणी देलं नव्हतं."

"मंग दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं."

"पोरगी शीतल हिंगोलीला होस्टेलात व्हती. ती आल्यावर वाचंल म्हणून महिना ठेवलं. तिची परीक्षा निघाली, ती आलीच न्हाई. आन मंग कुलदीप आला."

कुलदीप त्या पतसंस्थेचा एजंट होता, हे भीमराजला माहीत होतं.

"तुमी बसलेत ना, तिथंच बसला व्हता. संस्थेचा कागद घेऊन. समदा वाचून दाखवला त्यानं, दोन डाव. बोट फिरवून, एक एक ओळ. न्हाई समजलं तं पुना सांगितलं. मला वाटलं, जो वाचून दाखवतो तो काय लपवील?"



"शीतल आता काय करून राहिली?" भीमराजनं विचारलं.

"मेडिकलच्या दुकानात हाय, हिंगोलीला. नर्सचं शिकणं सोडलं तिनं. फी कुठून भरणार?"

बाहेर रस्त्यावरून एक जीप गेली. भिकाबाईची नजर त्याच्या मांडीवरच्या पुस्तकाकडं गेली.

"तेच हाय का?"

"तेच."

"काय लिहिलंय त्याच्यात? वाचा बरं."

"आता कशाला मावशी?"

"वाचा तं. पिकअपला येळ हाय अजून."

भीमराजनं पुस्तक उघडलं. त्यानं घातलेली चिठ्ठी होती तिथंच होती. आवाज आधी चाचरला, मग लागला. जास्त व्याज देणाऱ्याला त्या पैशाची जास्त गरज असते. बँकेतल्या ठेवीला ठरावीक रकमेपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला तसं नसतं. सगळी रक्कम एकाच जागी ठेवू नये. घरी येऊन घाई करणाऱ्याला त्या दिवशी नाही म्हणावं. सोपी वाक्यं होती. मध्ये एकदा भिकाबाई म्हणाली, "हे पुना वाचा," आणि त्यानं घाई करणाऱ्या माणसाची ओळ पुन्हा वाचली. तिनं मान हलवली. प्रकरण संपलं. तो थांबला.

"फुडं?"

"झालं मावशी."

"इतकंच व्हतं?"

"इतकंच. अडीच पानं."

त्याला वाटलं, ती आता रडेल किंवा शिव्या घालेल. दोन्हीसाठी तो तयार होता. पण ती अंगणातल्या उन्हाकडं पाहत बसली, एखादा अवघड हिशेब सुटल्यावर माणूस बसतो तशी.

"मावशी, माझी चूक झाली. मी त्याच दिवशी…"

"शीतलला सांगू नका हे," ती मध्येच म्हणाली. "घरात पुस्तक व्हतं आन मायनं वाचून घेतलं न्हाई, असं तिला कळाय नको. तिला वाटतं समद्या गावाला फसवलं, तसं आमाला फसवलं. तसंच ऱ्हाऊ द्या."

"न्हाई सांगत."

कोपऱ्यावर पिकअपचा हॉर्न वाजला. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, भाकरी घेतली, दाराला कडी घातली.

"च्या न्हाई केला तुमाला," ती म्हणाली. "पुना या."

पिकअपमध्ये आधीच दहा-बारा बाया उभ्या होत्या. एकीनं वरून हात दिला. भिकाबाई चढली, दोघींच्या मधल्या जागेत उभी राहिली, आणि तोंडावर वारं येऊ नये म्हणून तिनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला. गाडी निघाली. भीमराज तिच्या बंद दारासमोर, पुस्तक मिटायचंही विसरून, गाडी शाळेच्या वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला.