लिंडसीचा शेवटचा राजा

कुथविनला गावात सगळे 'राजे' म्हणत, पण ती थट्टा होती. त्याचा पणजोबा खरोखर लिंडसी या छोट्याशा राज्याचा राजा होता. मग शेजारचं मर्सियाचं मोठं राज्य माजलं, तिथल्या राजाने बोलावणं धाडलं आणि पणजोबा मुकाट्याने गादीवरून उतरून त्याचा सरदार झाला. पुढच्या पिढ्यांत सरदारकीही गेली. उरलं ते एक मोठं लाकडी घर, थोडी जमीन आणि पूर्वजांची नावं. ती नावं कुथविनला थेट घराण्याचा मूळपुरुष मानलेल्या देवापर्यंत पाठ होती. बार्लीच्या दारूचे दोन पेले पोटात गेले की तो ती म्हणून दाखवी.

घर चालवायची त्याची थोरली बहीण टिडबर. नवरा वारल्यावर ती लेबा या मुलीला घेऊन माहेरी आली होती. नांगर कधी धरायचा, डुकरं कधी मारायची, हे सारं तीच ठरवी.

त्या वर्षी पानगळीला समुद्रापलीकडच्या लुटारू डेन लोकांची फौज ट्रेंट नदीतून होड्या घेऊन आली आणि काठावरच हिवाळ्यापुरता तळ ठोकून बसली. मर्सियाच्या राजाने लढाई केली नाही. चांदी देऊन तह केला. लिंडसीच्या लोकांना कुणी विचारलंही नाही.

नाताळ उलटल्यावर हावार्ड नावाचा त्यांचा एक म्होरक्या कुथविनच्या दारी आला. त्याची भाषा वेडीवाकडी वाटे, पण कान दिला तर कळे. त्याचं म्हणणं सरळ होतं. पणजोबाच्या आसनावर बस, आमच्या देवाच्या चांदीच्या कड्यावर हात ठेवून शपथ घे, आणि गावागावांतून धान्य गोळा करून आम्हाला दे. राजा तू. ओलीस म्हणून घरातलं एक माणूस आमच्याकडे राहील. कुथविनला मूलबाळ नव्हतं. हावार्डने लेबाकडे बोट दाखवलं.

कुथविनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते भाचीसाठी नव्हतं. टिडबरला ते दिसलं. ती हावार्डला म्हणाली, "पोरगी लहान आहे, रडून तुमचंच डोकं खाईल. मी येते."

"म्हातारी नको," हावार्ड म्हणाला.

"म्हातारीला भाकरी भाजता येते. तुमच्या वाळक्या अंगावरून वाटतंय, तिकडे कुणाला येत नाही."

हावार्ड हसला. त्याने कुथविनकडून शपथ घेतली आणि टिडबरला घेऊन गेला.

छावणीत टिडबरला राक्षस भेटतील असं वाटलं होतं. तिथे बायका होत्या, पोरं होती, कपडे वाळत होते. लोक लुटलेली चांदी वितळवून तुकडे करत आणि त्यांवरून भांडत. पुरुष सोंगट्या खेळता खेळता लिंडसीच्या जमिनीबद्दल बोलत: कुठली काळी, कुठे पाणी साचतं, कुठे गुरं चांगली पोसतील. कुथविनचं नाव क्वचितच निघे, आणि निघालं की 'तो धान्यवाला' असं. तिला तेव्हाच कळलं की हे लोक कधीतरी राहायला येणार आहेत आणि तेव्हा त्यांना राजा लागणार नाही.

ऊन तापू लागलं तशी फौज दक्षिणेला, मर्सियाच्या पोटात निघाली. टिडबरला सोडून दिलं. ती चालत घरी आली तर दारासमोर गावची माणसं भाले घेऊन उभी. पुढे डड्डा नांगऱ्या होता. धान्य गोळा करायला कुथविनने ठेवलेल्या भाड्याच्या माणसांनी त्याचं बियाणंसुद्धा उचललं होतं, आणि आता ती फौजेबरोबर पळाली होती.

"बाई, तुम्ही बाजूला व्हा," डड्डा म्हणाला. "आज राजांना मुजरा करायचाय."

"करशील. आधी मला आत जाऊ दे."

कुथविन पणजोबाच्या उंच बाकावर बसला होता, मनगटात हावार्डने दिलेलं कडं. लेबा कोपऱ्यात त्याच्यासाठी लापशी ढवळत होती; बाकी सारे नोकर पळालेले. टिडबरने पोरीला जवळ घेतलं, मग भावाकडे वळली.

"ऊठ, कुथविन."

"ताई, ते परत येतील. हावार्डने शब्द दिलाय."

"येतील. पण तुझ्यासाठी नाही. मी त्यांच्यात राहून आलेय."

त्याने मनगटातलं कडं बोटाने फिरवलं. मग म्हणाला, "एकदा तरी कुणी हसल्याशिवाय 'राजे' म्हणावं, एवढंच वाटायचं गं."

"ठाऊक आहे मला. पणजोबा उतरले म्हणून आपण जन्मलो. तूही उतर."

तो उतरला. कडं काढून त्याने बाकावर ठेवलं आणि स्वतः जाऊन कोठाराचं दार उघडलं. फौजेकडून न्यायचं राहिलेलं धान्य आत होतं. डड्डाने आधी त्याच्या तोंडात एक ठेवून दिली, मग पोती मोजून वाटायला घेतली. कुथविनने ओठावरचं रक्त पुसलं आणि पोती उचलायला हात लावला. त्याला कुणी अडवलं नाही.

पुढच्याच वर्षी मर्सियाचा राजा राज्य टाकून समुद्रापार पळाला. डेनांनी आपल्या हातातला एक माणूस त्याच्या जागी बसवला. काही वर्षांनी फौजेतले बरेच जण परतले, बैल आणि बायका घेऊन. दोऱ्या लावून त्यांनी जमीन वाटून घेतली. कुथविनची निम्मी जमीन गेली, डड्डाची थोडी. ओढ्यापलीकडचा तुकडा हावार्डला मिळाला. कुथविनकडे पाहून त्याने मान हलवली, कुठेतरी पाहिलंय अशा चेहऱ्याने, आणि विचारलं की खालच्या शेतात पाणी कधीपर्यंत राहतं. कुथविनने सांगितलं, कोकिळा ओरडेपर्यंत.

त्या रविवारी चर्चमध्ये म्हातारे पाद्रीबाबा राजासाठीच्या प्रार्थनेपाशी येऊन अडखळले. आता इथला राजा कोण, कुणाचं नाव घ्यावं, त्यांना सुचेना. लोक वाट पाहत उभे राहिले. कुणीतरी खोकलं. शेवटी त्यांनी ती ओळ सोडली आणि पिकासाठीची प्रार्थना सुरू केली. टिडबरने शेजारी पाहिलं. कुथविन मान खाली घालून सगळ्यांबरोबर मोठ्याने 'आमेन' म्हणत होता.