चौदा पिसाकर

नेद्दाने नकाशा टेबलावर पसरला. चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, कॉफीचं भांडं, चष्म्याचं घर आणि नवऱ्याची टोपी ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हं, बोल. मुक्काम कुठे करायचा?"

दोरांदोला नेमका हाच प्रश्न नको होता. चौपन्न वर्षांचा गडी, लिव्होर्नोच्या बंदरावर क्रेन चालवणारा. गोदीत त्याने कुणाला सोडलं नव्हतं. कुणाच्या डब्यात जिवंत खेकडा, तर कुणाच्या सासूला फोन करून 'बाई, तुमची लॉटरी लागली.' पण बायकोच्या गुडघ्यापुढे कुठलीच खोडी चालेना. उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने बजावलं, गाडीत सहा तासांच्या वर बसायचं नाही. एरवी लेकीकडे व्हेंतिमिल्याला ते एका दमात जायचे, तेही समुद्राकाठच्या जुन्या रस्त्याने, कारण हायवेवरच्या उंच पुलांवर नेद्दा डोळे मिटून घ्यायची आणि दोरांदोचा दंड काळानिळा व्हायचा. यंदा वाटेत झोपणं भाग होतं.

"सेस्त्री?" नेद्दाने बोट ठेवलं.

"तिथे गाडी लावायला जागा नसते."

"नोव्हेंबरात?"

"नोव्हेंबरात तर मुळीच नसते. आता जागा असेल म्हणून सगळे तेव्हाच येतात."

"राप्पाल्लो मग."

"तिथल्या गाद्या फार मऊ. तुझा गुडघा आत रुतला तर वर काढायला क्रेन लागेल."

"देऽ! क्रेनवाला सोबतच आहे की."

हे 'देऽ' म्हणजे लिव्होर्नोच्या माणसाचा श्वास. अर्थ काही नाही, पण राग, लाड, कंटाळा, सगळं त्यात बसतं. आईच्या पोटातून पोर बाहेर येतं तेच 'देऽ' म्हणत.

नेद्दाने शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, सहा तासांचा अंदाज धरून तोडला आणि नकाशावर रस्त्याच्या वळणांवरून लावत नेला. सेस्त्री गेलं, राप्पाल्लो गेलं, जेनोव्हाही गेलं. दोऱ्याचं टोक वारात्सेवर येऊन थांबलं. दोघं त्या टोकाकडे बघत राहिली.

"दोरा आखडलाय," दोरांदो म्हणाला.

"दोरा बरोबर आहे. आखडलायस तू. अकरा वर्षं झाली, दोरांदो. दर खेपेला वारात्से आलं की तू गाडी पळवतोस आणि मी दुसरीकडे बघते. आता पुरे. भावाला फोन लाव."

वारात्सेला त्याच्या थोरल्या भावाचं, स्पार्ताकोचं सात खोल्यांचं लॉज होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, लॉज बंद असताना, दोरांदोने आवाज बदलून फोन केला होता. 'आम्ही पिसाच्या बुद्धिबळ मंडळाचे. चौदा जण येतोय, एका रात्रीसाठी. रात्रीला काच्चुक्को करा.' लिव्होर्नोकर आणि पिसाकर एकमेकांना पाण्यात बघतात. तरीही स्पार्ताकोने त्या चौदा पिसाकरांसाठी लॉज उघडलं, हीटर लावले आणि पाच जातींचे मासे आणून काच्चुक्कोचं लालभडक कालवण रटरटत ठेवलं. संध्याकाळी हॉर्न वाजवत आला तो एकटा दोरांदो. दारातूनच ओरडला, "शह आणि मात!"

तो पोट धरून हसला. स्पार्ताको हसला नाही. म्हणाला, "आल्बाने चौदा बिछाने घातलेत. सगळे एकटीने." मग आत गेला आणि दार लावून घेतलं.

आल्बावहिनी आठवड्यापूर्वीच इस्पितळातून आली होती. किती आजारी आहे ते दोघांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये ती गेली. दफनाच्या वेळी दोरांदोने हात पुढे केला, तो तसाच राहिला. 'मला माहीतच नव्हतं' हे वाक्य त्याने अकरा वर्षं तोंडात घोळवलं. दर वेळी ते त्याला एखाद्या थापेसारखंच ऐकू यायचं. आयुष्यभर थापा मारल्या की खरं बोलायलासुद्धा तोच आवाज वापरावा लागतो, दुसरा आणायचा कुठून?

त्याने नंबर फिरवला. दोन रिंगा झाल्या.

"लॉज आल्बा," पलीकडून आवाज आला.

लॉजचं नाव पूर्वी वेगळं होतं, आता वहिनीचं होतं.

"हॅलो? कोण बोलतंय?"

आणि त्याच्या तोंडाने सवयीने दगा दिला. "मी... प्रोफेसर बोनामिची. पिसाहून."

नेद्दाने कपाळावर हात मारून घेतला.

"बोला, प्रोफेसर साहेब."

"शनिवारी एक खोली हवी होती. मी आणि बायको. एक रात्र. मिळाली तर उपकार होतील."

"सीझन संपलाय. पण उघडून देईन एक. जेवणाचं काय?"

"काहीही चालेल. देऽ, घरचं असलं म्हणजे झालं."

पलीकडे वहीची पानं उलटली. "बरं. लिहून घेतलं," असं म्हणून फोन ठेवला गेला.

नेद्दा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोरा बोटाला गुंडाळत नुसतं विचारलं, "आता शनिवारी तो कुणाची वाट बघणार?"

दोरांदोच्या डोळ्यांसमोर वहिनी आली. चादरीचं एक टोक ओढायचं, मग पलंगाला वळसा घालून पलीकडे जायचं, मग दुसरं टोक. चौदा वेळा. मध्ये ती कितीदा टेकली असेल? त्या संध्याकाळी तो उंबऱ्यात खिदळत उभा होता आणि ती आत, कुठल्यातरी खोलीत, शेवटची उशी थोपटत असेल. हे त्याने आजवर स्वतःला कधी बघू दिलं नव्हतं.

त्याने पुन्हा फोन लावला.

"लॉज आल्बा."

"स्पार्ताको, मी दोरांदो. प्रोफेसर कुणी नाही. खोली मलाच हवीय. खरंच हवीय." तो थांबला. "आणि वहिनी आजारी होती ते मला ठाऊक नव्हतं. पण विचारलंही नव्हतं मी. फोन केला तोसुद्धा पिसाकर होऊन."

पलीकडून समुद्राचा आवाज आला. बहुतेक खिडकी उघडी असावी.

"प्रोफेसर बरा होता," स्पार्ताको म्हणाला. "उपकार होतील म्हणाला. तू असं कधी बोलला नाहीस."

"तू ओळखलंस?"

"देऽ म्हणणारा पिसाकर अजून जन्माला यायचाय, गाढवा."

"मग खोली का दिलीस?"

"दिली कुठे? पेन्सिलीने लिहिलंय. म्हटलं बघू, हा परत फोन करतो का. आणखी दहा मिनिटं वाट बघितली असती आणि खोडून टाकलं असतं." कागद सरकल्याचा आवाज आला. "नेद्दाचा गुडघा कसाय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. दर नाताळला फोन करते ती. तुझ्यासारखी नाही."

दोरांदोने बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेरच्या कबुतरांकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"तर नीट ऐक," स्पार्ताकोचा आवाज एकदम लॉजमालकाचा झाला. "जेवण आठला. पण तू दुपारी दोनच्या आत पोचायचं. सातही खोल्या उघडून ठेवतो, चादरी जिन्यात काढून ठेवतो. नेद्दा माझ्यासोबत खुर्चीत बसेल. बिछाने तू घालायचेस."

"किती?"

"किती ते तुला माहीत आहे." आणि फोन ठेवला.

दोरांदोने रिसीव्हर ठेवला. मग त्याने टोपी उचलून डोक्यावर घातली. नकाशाचा तो कोपरा हळूहळू गुंडाळत आला.

"काय म्हणाला?" नेद्दाने विचारलं.

"शनिवारी पहाटेच निघायला लागेल."

"पहाटे? सहा तासांचा तर रस्ता आहे! मधे थांबायचंय, माझे पाय मोकळे करायचेत, ते धरूनसुद्धा..."

"ते सगळं धरलंय," दोरांदो म्हणाला. "आधी मला एक सांग. गादीखाली चादरीचा कोपरा दुमडतात तो कसा? आत्ताच दाखव. आपल्याच पलंगावर."