पांढऱ्या झाकणाची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत काचेचं एक पोट आहे. लाडाने आम्ही त्याला खादाड म्हणतो. अंगाइतक्या कोमट पाण्यात ते डुलत असतं. त्यात अन्न, आम्ल आणि पाचकरस घालायचे आणि काय विरघळतं, काय उरतं ते पाहायचं. बारा वर्षं मी त्याला भरवतेय, अगदी डोळे मिटून. तिथेच मी माती खाल्ली.

सव्वाबाराला फडताळ आवरताना हात थबकला. लाल झाकणाच्या बाटलीत मोठ्या माणसाच्या पोटातलं आम्ल असतं, पांढऱ्या झाकणाच्या बाटलीत तान्ह्या बाळाचं, सौम्य. गेल्या आठवड्यात मी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचं नवं दूध तपासलं होतं. आणि पांढऱ्या बाटलीचं सील अजून शाबूत होतं.

ते दूध एक वाजता दवाखान्यात माझ्या अपुऱ्या दिवसांच्या भाचीला नळीतून देणार होते. तिची आई, माझी धाकटी बहीण, संमती द्यायला तयारच नव्हती. "मी स्वतः तपासलंय, बिनधास्त सही कर," असं म्हणून मीच तिला गळ घातली होती.

मी धावत सरांकडे गेले आणि चूक सांगितली.

"आधी पुन्हा करून बघ, मग बोल," सर म्हणाले. "उगाच बोभाटा नको. अहवालावर आपल्या दोघांच्या सह्या आहेत."

"त्याला तास लागेल, सर. एकला देणार आहेत."

सर चष्मा पुसत बसले.

मी पांढऱ्या बाटलीचं सील फोडलं, खादाड चालू केलं आणि फोन उचलला. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती धाकटीच्या आवाजाची होती.

"ते दूध देऊ नका. डॉक्टरांना थांबव."

"ताई, तूच म्हणाली होतीस ना..."

"हो. माझंच चुकलं. मोठ्या माणसाच्या पोटात तपासलं मी ते."

फोन बंद झाला.

एक वाजला. सव्वा वाजला. मी जागची हलले नाही. वेळ भरल्यावर पाहिलं, तर काचेच्या तळाशी सौम्य आम्लात न विरघळलेल्या चिवट गाठी होत्या, रबरासारख्या. त्या एवढ्याशा आतड्यात गेल्या असत्या, या विचाराने मला भडभडून आलं.

तेवढ्यात धाकटीचा मेसेज आला. 'थांबवलं. ती ठीक आहे. आज तू भेटायला येऊ नकोस.'

मी गाठी गाळून त्यांचं वजन केलं. मग जुन्या अहवालावर माझ्या सहीशेजारी लिहिलं, 'रद्द. चूक माझी.' सरांच्या सहीला हात लावला नाही. उद्या विचारेन धाकटीला, येऊ का म्हणून.