चालीवाचून दहा कविता

बोर्डाने या साली चौथीला नवे पुस्तक लावले. जुन्यातली एकही कविता त्यात नाही. बावीस कवितांतून दहा निवडायच्या, पोरांकडून पाठ करून घ्यायच्या आणि डिपोटी साहेब तपासणीला आले की म्हणवून दाखवायच्या, असा नियम आहे. मिठागरे बंद झाली की आमची सगळी पोरे शाळेकडे वळतात. सोमवारी शाळा भरणार होती. शनिवारी मी पुस्तक घेऊन बसलो.

मला गाता येत नाही. शाळा म्हणजे चावडीची पडवी, तिला लागून माझी खोली आणि मधे भिंतीच्या जागी कारवीचा कूड. माझी बायको सगुणा कुडापलीकडे चुलीपाशी बसून कवितेची चाल धरायची, पोरे तिच्यामागून म्हणायची, संपली की आणखी एक मागायची आणि मी नुसती पट्टी हलवायचो. एकदा डिपोटी साहेब म्हणाले, "मास्तर, तुमचा कूड तुमच्यापेक्षा बरा शिकवतो." मीही हसलो होतो.

चाली तिच्या आईच्या. माझी सासू कृष्णाबाई खाडीपलीकडच्या गावात धवलारीण आहे. आम्हां आगऱ्यांच्या लग्नात ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते तेव्हा एकेक विधी पुढे सरकतो. त्यांतल्या सात चाली सगुणाने शाळेच्या कवितांना लावल्या होत्या.

सगुणा चैत्रात बाळंतपणात गेली. मूलही गेले.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. माघात कृष्णाबाई होडी घेऊन न्यायला आली. तपासणी महिन्यावर होती. सगुणा गेली तर पोरे कविता म्हणणार नाहीत आणि शाळेला वाईट शेरा पडेल, एवढेच मला दिसत होते. मी अंगणातच सासूला सांगितले, "ती नको म्हणते. तपासणी झाली की येते म्हणते." सगुणा आत गाठोडे बांधून बसली होती. तिने ऐकले. बाहेर आली नाही. पुढे तपासणी दोनदा लांबली. तिला कळा लागल्या तेव्हा ओहोटी होती आणि होडी चिखलात रुतलेली. आमच्या गावात सुईण नाही. पलीकडची सुईण येईपर्यंत सहा तास गेले.

शनिवारभर मी नव्या कविता गुडघ्यावर बोटे आपटून मापून पाहिल्या. कुठली तिच्या कुठल्या चालीत बसते, एवढेच बघत होतो. कवितेत काय आहे ते वाचलेसुद्धा नाही. चार बसल्या. आणखी सहांना चाली हव्या होत्या. त्या एकाच बाईकडे मिळाल्या असत्या.

रविवारी सकाळी पलीकडे निघालो. होडीवाला बुधाजी म्हणाला, "बायको न्हाय न् सासुरवाडी कशाला रं मास्तर?"

"काम आहे."

"तुज्या सासूला सांग, पोराच्या लग्नाला अजून थांबलोय मी. तीन मांडव परतवलेन तिनं. ती तोंड उघडत न्हाय."

कृष्णाबाई ओटीवर सुकट निवडत होती. मला बघून तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी काम सांगितले. ती सुकटीतले खडे काढत राहिली.

"लगनाचं मी म्हनत न्हाय," ती म्हणाली. "पन पोरांसाठी म्हनते. तिची पोरं ती. वाच."

मी पहिली कविता वाचली. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावली, मग गुणगुणायला लागली. दोन ओळी बरोबर बसल्या. तिसरीवर ती थांबली.

"गला धरतो रं जावई. रडू न्हाय, राग येतो. मेलेल्या पोरीवर राग धरून बसलेय मी. दारात होडी लावली न् आईला नको बोलली. असा हट्ट? आली असती तर जगली असती. तिचं नाव घेतलं की आधी ह्योच राग येतो."

मी पुस्तक मिटले. गप्प बसलो असतो तर दुपारपर्यंत सहा चाली झाल्या असत्या.

"मामी, ती नको म्हणाली नव्हती."

"मंग?"

"मी म्हणालो. तपासणीसाठी ठेवून घेतली. ती आत गाठोडे बांधून बसली होती."

तिचा हात सुपात तसाच राहिला.

"गाठोड्यात काय व्हतं?"

"दोन लुगडी. टोपडं. तुमच्यासाठी वालाची डाळ."

"आयकलंन तिनं? तू मना सांगितलंस ते?"

"ऐकलं."

"न् मी होडीतून तिला शिव्या देत गेले." तिने सूप बाजूला ठेवले. मला वाटले मारील. मारले असते तर बरे झाले असते. "त्याबी आयकल्या असतील."

ती उठून उभी राहिली.

"तुज्याजवल सात चाली हायत ना? त्या माज्या आईच्या हायत. त्या पोरांच्या तोंडी पुन्ना आयकल्या तर मी तुज्या दारात येऊन बसेन. जा आता. पानी उतरल."

ती आत गेली. सुपाला कोंबड्या लागल्या. मी त्या हाकलल्या, सूप उचलून ओटीच्या कोनाड्यात ठेवले आणि निघालो.

घरी येऊन मी पुन्हा पुस्तक उघडले. चालीत बसणाऱ्या चार आधी खोडल्या. त्या दिल्या तर पोरांच्या तोंडात चाल आपोआप आली असती. उरलेल्यांतून सगुणाच्या एकाही चालीत बसणार नाहीत अशा दहा वेचल्या. ज्या थोड्या जवळपास येत होत्या त्यासुद्धा सोडल्या. शेरा पडेल तो पडेल.

सोमवारी एकवीस पोरे आली. मी पहिली कविता फळ्यावर लिहिली आणि बोलतो तशीच, सरळ वाचून दाखवली. पोरे कुडाकडे बघत बसली. सगुणा नाही हे सगळ्यांना ठाऊक होते, त्यांतली काही मसणवटीपर्यंत आली होती, तरी बघत होती.

रंगू म्हणाला, "मास्तर, ह्यो धडा हाय?"

"कविता आहे."

"मंग म्हना की."

"म्हटली ती."

पुढच्या रांगेत कमळ आहे. तिचा गळा चांगला, सगुणा तिला वरचा सूर द्यायची. ती आपल्या मनाने काहीतरी गुणगुणून बघत होती, दुसऱ्या ओळीत अडखळत होती, पुन्हा सुरुवात करत होती. मी पट्टी टेबलावर मारली. इतक्या जोरात मारायची नव्हती. कमळने तोंड मिटले.

"माझ्यामागून म्हणा," मी म्हणालो, "आणि सूर लावायचा नाही."

एकवीस पोरांनी म्हटली. पाढे म्हणतात तशी. कुणी अडखळले नाही, कुणी चुकले नाही. शेवटची ओळ झाल्यावर कुणी आणखी मागितली नाही. मी फळा पुसला आणि दुसरी लिहायला घेतली.