कोरड्या ओढ्यातले खुंट

व्हर्नाने लावलेल्या पिंजऱ्याचं दार इबाराने उघडलं. बीव्हर जरा वेळ आतच बसून राहिला, मग पाटात उतरला आणि चपट्या शेपटीचा फटकारा मारून दिसेनासा झाला.

“हा गुन्हा आहे, तुम्हाला माहीत होतं,” इबारा म्हणाला. वन्यजीव खात्यातला हा तरुण कधी आवाज चढवत नसे.

व्हर्नाने ओले हात जीन्सला पुसले. पाट तिच्या भावाचा, ऑरिनचा. बीव्हरांनी त्यात दातांनी कुरतडलेल्या फांद्यांचा बांध घातला होता आणि कापणीला आलेलं त्याचं गवत पाण्यात उभं होतं. टेकडीपलीकडे व्हर्नाचा ओढा मात्र मार्चनंतर कोरडा पडे. बीव्हर तिथे गेले असते, तर पाणी थांबलं असतं, काठची वाळुंजाची झाडं पुन्हा फुटली असती.

“ऑरिनने त्यांना गोळी घातली तर?”

“त्याच्याकडे परवाना आहे.”

“आणि मी जिवंत नेले तर गुन्हा.”

इबाराने पिंजऱ्याची कडी उगाच लावली. “तुमच्या ओढ्यात सोडायला खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांची संमती लागते. दोघं नाही म्हणतात. मी परत जातो त्यांच्याकडे.”

“जा,” इतका वेळ काठावर उभा असलेला ऑरिन म्हणाला. “मी थांबतो.”

तो खरंच थांबला. गावात लोक विचारायचे, “बहिणीला भितोस की त्या उंदरांना?” ऑरिन हसून सोडून द्यायचा. पुढे गवत मुळापासून कुजायला लागलं, तसा तो गावात जाईनासा झाला.

एका सकाळी टेकडीपलीकडून गोळ्यांचे आवाज आले. व्हर्नाने कॉफीचा कप खाली ठेवला. तो तसाच निवला.

काही दिवसांनी ती कोरड्या ओढ्यात खुंट ठोकत होती, त्यांत फांद्या विणून हातानेच बांध घालत होती. ऑरिन आला. तिच्या हातातून घण घेऊन तो कामाला लागला. ती त्याच्याशी बोलली नाही.

दुपारी इबाराची गाडी आली.

“दोघंही शेजारी तयार झालेत,” तो लांबूनच म्हणाला. मग त्याने घण धरलेल्या ऑरिनकडे पाहिलं आणि संमतीचे कागद घडी करून खिशात घातले.

त्याने खुंटांकडे बोट केलं. “यालाही परवानगी लागते.”

“माझं नाव लिही,” ऑरिन म्हणाला. “तिचं नको.”

व्हर्नाने नवा खुंट वाळूत रोवून दोन्ही हातांनी धरला.

“ठोक,” ती भावाला म्हणाली.