तपासणीच्या दिवशी रडायचं असतं

घाटंजीच्या बाहेर, बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात निराधार वृद्धांचं एक घर होतं. पौषातल्या एका गुरुवारी त्याची तपासणी व्हायची होती, आणि आठ दिवसांपासून नर्सबाई कौसल्येला दुसरं काही सुचत नव्हतं.

गावात त्याला सरळ म्हाताऱ्यांचं घर म्हणत. चौदा म्हातारे-म्हाताऱ्या, एक गाय, स्वयंपाकाला मथुराबाई आणि उरलेल्या सगळ्याला कौसल्या. जिल्ह्याहून पत्र आलं होतं की तपासनीस येतील, म्हाताऱ्यांच्या जबान्या घेतील आणि त्यांच्या शेऱ्यावर घराचं अनुदान ठरेल. शेरा वाईट पडला की मार्चअखेर कुलूप. कुलूप लागल्यावर चौदा जीवांनी कुठं जायचं, ते मात्र पत्रात लिहिलेलं नव्हतं. ते कधीच लिहिलेलं नसतं. चौदांतला उकंडा तर पुसदच्या मोटार स्टँडवर सापडलेला, अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली. नाव तेवढं हातावर गोंदलेलं होतं म्हणून कळलं.

कौसल्येनं गोदामाला चुना दिला, जमीन सारवली, चौदा जणांची नखं कापली, डोकी विंचरून उवा काढल्या. प्रत्येक बाजेवर नवं घोंगडं घातलं. फक्त एक गोष्ट तिनं केली नाही. साहेबांसमोर काय बोलायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मथुराबाई म्हणाली होती, "बाई, दोन शब्द शिकवून ठेवा यायले." त्यावर कौसल्या फणकारली होती, "खऱ्याले शिकवनी कायले लागते?"

ही तिची चूक. खऱ्याला शिकवणी लागत नसेल, पण रिकाम्या जागेत कुणीतरी येऊन बसतोच, आणि इथं लालसिंग बसला.

लालसिंग जवळच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता, लालसिंगनं दोन एकर कोरडवाहू केली होती, आणि लेकांनी त्याला इथं आणून घातलं होतं. तो कौसल्येला याडी म्हणे, म्हणजे आई, आणि स्वतः तिच्या बापापेक्षा मोठा. दुष्काळाच्या साली तांड्यावर तहसीलचा माणूस मदतीची यादी करायला आला, तेव्हा साहेबाचा मान म्हणून एकट्या लालसिंगनं कोरं पागोटं बांधलं होतं. साहेबानं पागोटं पाहिलं आणि यादीतून त्याचंच नाव खोडलं. तेव्हापासून सरकारचं सगळं वर्म आपल्याला कळलं, असं तो समजे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो हाच.

गुरुवारी दहाच्या गाडीनं साहेब येणार म्हणून कौसल्या त्यांना घ्यायला स्टँडवर गेली. गाडी तासभर उशिरा आली. तेवढा वेळ लालसिंगला पुरला.

वैरागडे साहेबांना घेऊन ती दारात आली आणि जागीच थिजली. चौदा बाजांवर एकही घोंगडं नव्हतं. पुसापुशीला म्हणून ठेवलेली फाटकी धडोती म्हाताऱ्यांनी अंगावर पांघरली होती. विंचरलेल्या डोक्यांत चुलीतली राख. तीन म्हाताऱ्या ठरवून कण्हत होत्या, एक थांबली की दुसरी सुरू.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"साहेब, हे असं नसते. आता घंट्याभरापह्यले—"

"तुम्ही बाहेर थांबा बाई. तुमच्यासमोर कुणी बोलणार नाही."

ती ओसरीवर खांबाला टेकून उभी राहिली. दार उघडं होतं, शब्द न् शब्द ऐकू येत होता. साहेबांनी छापील नमुना काढला, मफलर नीट केला आणि पहिल्या बाजेशी बसले. पहिली बाज लालसिंगचीच.

"दोन वेळा जेवण मिळतं का?"

"जेवन?" लालसिंगनं आठवल्यासारखं केलं. "परवा खाल्लं साहेब. का त्याच्या आंधीच्या दिवशी." त्याच्या मिशीला सकाळचं दूध अजून वाळलेलं होतं. साहेबांची मान कागदात होती.

"औषध?"

"औसद कसं अस्ते साहेब? गोल अस्ते का पातय?"

बाहेर कौसल्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल या माणसानं खोकल्याचं औषध गोड लागतं म्हणून दुसरा चमचा मागितला होता! पण आत जायची सोय नव्हती. गेली तर धमकावलं म्हणतील, न गेली तर घर बुडतं.

पुढच्या बाजा तशाच. एकानं सांगितलं, अंगावर घ्यायला पोत्याशिवाय काही नाही. दुसरीनं सांगितलं, दिवाळीपासून आंघोळ नाही. रुखमाबाई नावाची म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं उत्तरच दिलं नाही. साहेबांनी लिहिलं, भयग्रस्त. बारा जणांचे अंगठे उमटले. रुखमाबाईनं दिला नाही आणि उकंड्याला काही विचारताच येत नव्हतं.

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "बाई, मी पुष्कळ ठिकाणं पाहिली. असं पाहिलं नाही. तुम्हाला रात्री झोप तरी कशी लागते?"

कौसल्या त्यांच्या अंगावरून सरळ आत गेली.

लालसिंग तिची वाटच पाहत होता. चेहरा नुसता उजळलेला. "याडी, जमलं! आता पाह्य, सरकार तुले काय काय देते. तू म्हनत होती ना, अजून एक बाई पाह्यजे हाताखाली? दोन भेटतीन!"

"लालसिंगबाबा, घोंगडे कुठी हायेत?"

"गाईच्या खोलीत, चाऱ्याच्या कुटारात. एकबी खराब नाही झालं, कसम."

कौसल्येनं कपाळावर हात मारून घेतला. करायला गेले गणपती, झालं माकड, आणि माकडावर बारा अंगठे. मग तिचा बांध फुटला. "अरे, हा दुष्काळाचा साहेब नोहे! हा मी कशी वागवतो ते पाह्याले आला होता. तुमी लिवून देल्लं का मी तुमाले उपाशी मारतो. आता हे घर बंद होनार! तुमी जा लेकाकडं, थो घेईन तं. अन् ह्या उकंड्याले कोन नेईन? परत स्टँडवर ठिऊ का त्याले?"

कण्हणाऱ्या तिघी ताडकन उठून बसल्या. मग बारा जण एकदम ओरडू लागले, सगळं बेस हाय साहेब, दोन टाइम जेवन हाय, दूध हाय, लय बेस हाय.

साहेब दारातच उभे होते. त्यांनी पिशवीचा बंद ओढला. "हे आता तुम्ही शिकवलंत बाई. याला काय किंमत? माझी दोनची गाडी आहे."

कौसल्येला वाटलं, आता खाली बसावं आणि गळा काढून रडावं. खोटं बोलले ते जबानीत गेलं आणि खरं बोलले ते शिकवलेलं ठरलं. या दुनियेत माणसानं वागावं तरी कसं?

पण लालसिंगला दुसऱ्याच गोष्टीचा राग आला होता. "शिकवलं?" तो बाजेवर उठून बसला. "हे बाई कोनाले शिकवते? हे नुस्ता दम देते! साहेब, बस खाली. खरं पाह्यजे ना तुले? पौषाच्या थंडीत रोज आंघोळ घालते हे. रोज! म्या तमाखू लपवली तं उशी फाडून काढली. एरंडीचं तेल पाजते, अन् गिळलं का नाही थे तोंड उघडून पाह्यते. माह्या बापानं असा जुलूम नाही केला."

"मह्या डोक्शाचे केसं कापले तिनं, उवा झाल्या म्हून," एक म्हातारी म्हणाली.

"नखं इतले बारीक कापते का कांदा सोलता येत नाही."

"अन् तो उकंडा!" लालसिंगनं बोट दाखवलं. "त्याले घंट्या-घंट्यानं या कुशीचा त्या कुशीवर करते. त्याची बाज कुरकुरते. आमाले दुपारची झोप नाही. चार साल झाले!"

साहेबांचा हात पिशवीच्या बंदावर थांबला. ते उकंड्याच्या बाजेशी गेले, त्यांनी धडोतं बाजूला केलं आणि वाकून त्याची पाठ पाहिली. मग कंबर, मग टाचा. लुळा माणूस चार वर्षं बाजेवर पडून होता आणि त्याच्या अंगावर पडून राहिल्याचा एक चट्टा नव्हता. मग त्यांनी पिशवीतून नवा कोरा नमुना काढला आणि लालसिंगच्या बाजेवर बसले. "हं. पुन्हा सांगा. आंघोळ रोज?"

"रोज! लिव्ह."

जुलमांची ती यादी लिहिता लिहिता दोनची गाडी निघून गेली. शेवटी साहेब रुखमाबाईकडं वळले. "आजी, तुमची काही तक्रार?"

रुखमाबाई भिंतीकडून वळली. "हाय. हिनं मले बाटवलं."

कौसल्येचे कान तापले. दिवसभर जे झालं ते एकीकडं आणि हा शब्द एकीकडं. लहानपणी गावच्या विहिरीवर तिनं हाच ऐकला होता. छप्पन साली धम्म घेतला, नर्स झाली, तरी तो तिची पाठ सोडत नव्हता.

"मी हिच्या हातचं पानी पेत नव्हती," रुखमाबाई म्हणाली. "मथुराबाईच्या हातचं पे. मंग मले ताप भरला. तीन दिवस सुद नाही. हिनं चमच्या-चमच्यानं पानी पाजलं, पेज पाजली. मले इचारलं बी नाही. डोळे उघडले तं हिच्या मांडीवर माह्यं डोक्शं."

"मग?"

"मंग दिवाळीले लेक न्यायले आला. सून म्हने, त्या बाईच्या हातचं खाल्लं, आता चुलीपाशी घेनार नाही."

हे कौसल्येला माहीत होतं. लेक आल्या पावली एकटाच परत गेला होता. तेव्हापासून दोन महिने ती रुखमाबाईच्या नजरेला नजर देत नव्हती. म्हातारीचं घर आपल्यामुळं तुटलं, हे तिला रोज टोचत होतं, आणि त्याचा रागही येत होता. पाणी पाजलं, विष तर नाही पाजलं!

"तुम्ही मुलाला काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"काय म्हननार? म्या म्हटलं, बापू, तुमच्या घरी आपल्या जातीचं खाऊन मी मरून राह्यली होती. हिच्या हातचं पेली अन् वाचली. आता तू जाय." ती कोपरावर रेटून उठली. "म्या त्याले जाय म्हटलं साहेब. आता हे घर बंद केलं तं मी कुठी जाऊ?"

कौसल्येला यातलं अक्षर माहीत नव्हतं. तिनं तोंडाला पदर लावला. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणाचाही राग आला नाही.

साहेबांनी आधीच्या बारा जबान्यांवर तिरपी रेघ ओढून सही केली. नव्या नमुन्यात शेऱ्याचा रकाना होता, तिथं त्यांनी स्वतःचं एवढंच लिहिलं की अनुदान चालू ठेवावं. 'कारण' या सदराखाली मात्र रुखमाबाईचे 'हिच्या हातचं पेली अन् वाचली' हे शब्द जसेच्या तसे उतरवले, आणि अंगठ्यासाठी कागद तिच्यापुढं धरला.