अडकित्त्याचा आवाज

कुलसुमने भुऱ्याला आयुष्यात एकदाही हात लावला नव्हता. लावणार कसा? कुत्र्याचं ओलं नाक अंगाला लागलं की सात पाण्यांनी धुवायचं, त्यातलं एक पाणी मातीचं, आणि मगच नमाज. कोरडं अंग लागलं तर चालतं म्हणतात, पण कुत्र्याची जीभ कुठे गप्प बसते! नवरा गुलाम रसूल वानरं हाकायला म्हणून हे पिल्लू घेऊन आला, तेव्हाच तिने बजावलं होतं, "बागेत ठेवा मेल्याला. पडवीच्या पायरीवर पाय ठेवलान तर बघा."

पुढे गुलाम रसूल अल्लाला प्यारा झाला, मुलगा फैझान नोकरीला दोह्याला गेला, आणि खाडीकाठच्या त्या घरात राहिली कोण, तर कुलसुम आणि भुऱ्या. ती पडवीत, तो पायरीखाली.

आता हात लावायचा नाही तर जनावराशी बोलायचं कसं? ते आपोआप जमलं. उन्हं कलली, असरची नमाज झाली की ती सुपारी कातरायला बसायची. अडकित्ता टक् वाजायचा आणि पाठोपाठ सुक्या बांगड्याचं डोकं अंगणात पडायचं. त्या आवाजाचा अर्थ लबाडाला बरोबर कळला: शाब्बास, घे. मग काय! बस म्हटल्यावर बसला, टक्. वानरं पळवून आला, टक्. लांब काजूखाली असला तरी आवाज ऐकून धूम यायचा, पायरीपाशी थांबायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. त्या बघण्यावर बाई जगत होती, खोटं कशाला बोला!

पण मेल्याला कोंबडीची चटक लागली. शेजारच्या यमुनाबाईची एक कोंबडी गेली, मग खुडूक बसलेली दुसरी गेली. मधल्या कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा कमरेएवढा, तो काय अडवतोय त्याला! यमुनाबाई त्या गडग्यापाशी येऊन उभी राहिली. भांडायला आली असती तर बरं, पण ती हळू आवाजात बोलली.

"कुलसुमभाभी, तुमच्याआमच्यात कधी वाकडं आलं नाय. पण आमचे हे लय भडकलेत. उद्या भाकरीत काय घालून टाकलानी, तर मला बोल लावू नका."

त्या दिवसापासून कुलसुम गडग्यावर नजर ठेवून बसायची. भुऱ्या अंगणात दिसला नाही की तिचा जीव खालीवर व्हायचा.

त्याच सुमारास फैझान सुट्टीवर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अम्मी, तुझा अडकित्ता म्हणजे तिकडचा क्लिकर झाला," तो हसला. "बरोबर केलं की वाजवायचा आणि खाऊ द्यायचा. पण चुकलं तर? त्याला दुसरं औषध लागतं."

औषध म्हणजे काळा पट्टा. ऑनलाइन मागवलेला. आतून गळ्याला टेकणारे दोन बोथट खिळे, आणि मुठीत मावेल एवढा रिमोट. बटण दाबलं की खिळ्यांतून करंट.

"मारू नको रे त्याला."

"मार नाय गो, चिमटा आहे. विष खाऊन मरण्यापेक्षा बरा ना?"

पोरगा काही वाईटावर नव्हता.

भुऱ्याला संशय येता कामा नये, म्हणून फैझान स्वयंपाकघराच्या खिडकीआड बसायचा, उकाड्यात पंखा लावून. भुऱ्याने गडग्यावर पुढचे पाय टाकले की बटण. पहिल्यांदा तो जो केकाटला, तो आवाज कुलसुमच्या काळजात गेला. दुसऱ्या दिवशी पडवीतून तिने बघितलं, भुऱ्या परत गडग्याकडे सरकतोय. तिला राहवेना. करंट बसायच्या आत परत फिरेल, म्हणून तिने अडकित्ता उचलला. टक्!

भुऱ्या गडग्यावर पाय टेकवूनच थांबला. मान वळवून त्याने तिच्याकडे बघितलं, शेपूट हललं. आणि नेमकं तेव्हाच खिडकीआड फैझानने बटण दाबलं. त्याला फक्त गडग्यावरचे पाय दिसत होते.

तिला वाटलं, आपल्यालाच उशीर झाला. पुढच्या खेपेला तिने आधी वाजवलं. फैझानचाही हात बसला होता, त्यानेही आधी दाबलं. ही वाचवायला वाजवतेय, तो सुधारायला दाबतोय, आणि मध्ये ते मुकं जनावर! फैझानला सांगावं तर लाड करतेस म्हणून ओरडेल, या भीतीने बया गप्प राहिली. पंख्याच्या घरघरीत त्याला कुठला ऐकू जातोय अडकित्ता! अंगणात फेकलेली मासळी तशीच पडून राहायला लागली. गळा दुखत असेल बिचाऱ्याचा, ती म्हणायची.

सुट्टी संपेपर्यंत भुऱ्याने कोंबड्यांकडे बघणंही सोडलं. फैझानने पट्टा काढून कपाटात ठेवला आणि तो गेला.

त्या दिवशी असरनंतर कुलसुम सुपारी घेऊन बसली. आता सुटलास रे बाबा, म्हणत तिने मायेनं अडकित्ता वाजवला.

भुऱ्या पायरीखाली उभा होता. टक् झालं आणि त्याचं सगळं अंग आक्रसलं. उभ्या जागी मुतला, शेपूट पोटाखाली घातलं आणि बागेत काजूकडे पळाला. कुलसुमने अडकित्ता खाली टाकला. या अल्ला! टक् म्हणजे करंट, हेच शिकला तो; कोंबडीनं नाही, मी मारलं त्याला. माझ्याच हातानं.

भुऱ्या मग तिथे काजूखालीच राहायला लागला. तिचा हात नुसता ओढणीकडे गेला तरी उठून लांब जायचा. ताटली ठेवून ती घरात गेली, दाराला कडी लावली, की मगच यायचा. वानरं आंब्यावर नाचून जायची, हा भुंकायचासुद्धा नाही. तिने सुपारी सोडली. अडकित्ता खाडीत टाकून आली. हाका मारमारून घसा बसला.

फैझानचा फोन आला. "कोंबड्या खातो काय अजून?"

"नाय."

"बघ! बोललो नव्हतो तुला?"

"होय रे," ती म्हणाली, आणि फोन ठेवून रडली.

काल मात्र तिने ठरवलंच. विहिरीपाशी बादली भरून ठेवली. करवंटीत तांबडी माती चाळून घेतली. सात काय, सत्तर पाण्यांनी धुवीन, म्हणाली. मग पायरी उतरून काजूच्या अलीकडे भुईवर बसली आणि मोकळा तळवा पुढे केला.

"ये मेल्या. बघ, हातात काय नाय. ये, हात लावते तुला."

भुऱ्या उठला. दोन पावलं पुढे आला. तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत राहिला. हात भरून आला तरी तिने खाली घेतला नाही. तो तिथेच थरथरत उभा राहिला, आणि मग मागे सरत सरत काजूखाली गेला.

दिवस बुडून मगरिबची बांग झाली तेव्हा ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि विहिरीपाशी गेली. बादली भरलेली होती, करवंटीत माती होती. हाताला धुण्यासारखं काही लागलंच नव्हतं.